दिराची पागोळी

माझ्या थोरल्या दिरांशी मी पहिलं वाक्य बोलले ते भर पावसात, डोक्यावर पदर नसताना आणि दोन्ही हातांनी पत्र्याची पन्हळ वर तोलून धरलेली असताना. लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती. आमच्याकडे धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, काही सांगायचं झालंच तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं, अशी रीत. त्या एका वाक्यानं भावकीत माझी अब्रू गेली म्हणतात. गेली तर गेली. ती परत आणायला मी कुणाच्या दारात गेले नाही, आणि तिच्यावाचून माझं काही अडलंही नाही.

घर साताऱ्याचं. किल्ल्याच्या उतरणीवर पेठेचं अगदी वरचं टोक, तिथं. सासऱ्यांनी जिवंतपणीच दोन्ही लेकांना वाटणी करून दिली होती. वरच्या अंगाचं घर थोरल्याला, खालच्या अंगाचं आम्हाला. परसाचेही दोन भाग झाले आणि मध्ये कमरेएवढी मातीची भिंत आली. आता घर वाटता येतं, भांडी वाटता येतात, पण उतारावरचं पाणी कसं वाटणार? किल्ल्यावर पडलेला पाऊस वरच्या परसातून खालच्या परसात यायचाच. म्हणून सासऱ्यांनी मधल्या भिंतीच्या पायाशी एक दगडी मोरी ठेवली होती. मोरीतून येणारं पाणी आमच्या परसाच्या कडेनं दगड बसवलेल्या चरातून जायचं आणि खाली गल्लीच्या गटाराला मिळायचं. मृगाच्या आधी वरच्यांनी मोरी साफ करायची, खालच्यांनी चर उपसायचा, हा दोन घरांतला करार होता. तो कुणी कागदावर लिहिला नव्हता, पण सासरे होते तोवर कुणी मोडलाही नव्हता.

मग सासरे गेले, आणि आमचे मालक पलटणीबरोबर समुद्रापलीकडे लढाईवर गेले. खालच्या घरात राहिलो मी, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि कडेवरची लेक.

लढाईच्या शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात दिरांनी म्हशींसाठी नवा गोठा बांधायला काढला. बाजारात पत्रा औषधाला मिळत नव्हता. यांना कुठून मिळाला देव जाणे, पण मिळाला. आणि गोठा कुठं? मधल्या भिंतीला अगदी खेटून. जमीन सपाट करायला त्यांनी मुरूम ओतला आणि त्याखाली मोरी गाडली गेली. वर छपराचा उतार दिला तो आमच्या बाजूला. पत्र्याची कड भिंतीवरून हातभर पुढे येऊन आमच्या परसावर लोंबू लागली. ती पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

पण बोलायचं कसं? मी लेकीला कडेवर घेतलं, भिंतीपाशी गेले आणि पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं तिला म्हणाले, "सांग गं तुझ्या आबांना, पत्र्याचा उतार आमच्या अंगाला कशापायी दिलाय म्हणावं?"

लेक तेव्हा नुकतंच 'बा' म्हणायला शिकली होती. ती 'बा' म्हणाली.

पलीकडून दिरांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हशीला उत्तर दिलं, "तिकडनं ऊन लागतंय गं बाय तुला. उतार हाय तसाच ऱ्हाईल."

आमचं भांडण असं एक तान्ही पोर आणि एक म्हैस यांच्या मार्फत सुरू झालं. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

आत्याबाई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होत्या. मी आत आले तशा म्हणाल्या, "ऊन न्हाई नि काय न्हाई. त्याला पागोळी पाडायची हाय."

मी सांगलीकडची, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी समजावलं. पेठेत अशी रीत होती की ज्याच्या छपराची पागोळी जिथं पडेल तिथवरची जागा त्याची. एकदोन पावसाळे ती पडत राहिली आणि कुणी हरकत घेतली नाही, तर चार माणसं बसून तेच कायम करायची. आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आणि मधली भिंत यांच्यात अंतर ते किती! तिथंच धुण्याचा दगड, अळूचा वाफा आणि कडेला शेवगा. पागोळी तिथं पडायला लागली की माझं मागचं दार दिरांच्या जागेत उघडणार होतं. धुणं धुवायलाही मला त्यांच्या मेहेरबानीवर राहावं लागलं असतं. आणि पागोळीचं पाणी आमच्या मागच्या भिंतीला लागणार ते वेगळंच. ती भिंत पांढऱ्या मातीची, कच्च्या विटांची. जोतं तेवढं दगडी.

"मग तुमी सांगा की त्यास्नी," मी म्हणाले. "तुमच्या पोटचं हाईत."

"धाकलाबी माझ्याच पोटचा हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. यातून मी काय समजायचं ते मला कळलं नाही. मला त्यांचा रागच आला.

ठीक आहे म्हटलं, कुणी बोलू नका. मी पाणी अडवून दाखवते.

माझे वडील कृष्णाकाठी हळदीच्या पेवांवर काम करायचे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर माणूस उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढं पोट. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं. पाण्याचा एक थेंब आत गेला तर सगळा माल कुजायचा. म्हणून वडील काळी माती भिजत घालायचे, पायानं तुडवून लोण्यासारखी करायचे आणि तोंडाभोवती चोपून चोपून वरंबा घालायचे. लहानपणी मीही ती माती तुडवलेली. आमच्याकडे पाणी येतं ते नदी फुगली की हळूहळू, सपाटीवरून पसरत येतं. वरंबा घातला की त्याला टेकून उभं राहतं आणि नदी उतरली की निघून जातं. पाण्याशी वागायची एवढीच एक रीत मला माहीत होती आणि तिचा मला फार गर्व होता.

मी परसाच्या मधोमध, मधली भिंत आणि घराची भिंत यांच्या बरोबर मध्ये, मांडीएवढा वरंबा घातला. ओढ्याकाठची चिकट माती पाट्या भरभरून आणली. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "पोरी, ह्यो सातारा हाय." मी कानाआड केलं. सातारा आहे ते मलाही दिसत होतं.

मृग, आर्द्रा बरे गेले. पागोळी पडायची, वरंब्याच्या पलीकडे पाणी साठायचं, हळूहळू जिरायचं. मी मनातून फुगले होते. मग पुनर्वसूचा पाऊस लागला, ज्याला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे, तो तसाच येतो, मागंपुढं न बघता. किल्ल्यावरून पाण्याचे लोट उतरायला लागले. वरच्या परसात मोरी गाडलेली, म्हणून ते पाणी मधल्या भिंतीच्या बुडातून पाझरत होतं, आणि वरून पत्र्याची धार. वरंब्यापलीकडे तळं भरलं. मी दारात उभी राहून बघत होते आणि अजूनही मला वाटत होतं की माझा वरंबा बहाद्दर आहे.

दुपारी तो फुटला. सांगलीतला वरंबा हरला तर पाणी वरून ओलांडून येतं. हा मधोमध तोंड उघडून फुटला आणि सगळं तळंच्या तळं घराच्या भिंतीवर आदळलं. उतारावर पाणी अडवलं की ते थांबत नाही, बळ साठवत बसतं, हे मला त्या क्षणी कळलं. भिंतीला आधी पोट आलं, मग जोत्यावरच्या विटांचा चिखल होऊन तो आत स्वयंपाकघरात सरकला. चूल विझली. मी कणगी ओढून बाजूला घेतली, आत्याबाईंनी लेकीला उचललं. पाणी ओसरलं तेव्हा चुलीशेजारी माणूस वाकून आत येईल एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून माझा अळूचा वाफा दिसत होता.

दीर आले. ते वाईट नव्हते, हे सांगायला हवं. भिंत पडल्याचा आवाज ऐकून धावतच आले आणि सगळ्यांत आधी लेक कुठे आहे ते बघितलं. आढ्याला टेकू लावला तोही त्यांनीच. मग भगदाडापाशी उकिडवे बसले आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "आये, हिला पोरीला घिऊन म्हायारी जाऊ दे. भाऊ आला की यील. आजून म्हातारा पाऊस यायचाय. उरल्याली भिंत पडली तर मान्सं गाडली जात्याल. तू माझ्याकडं ये. घराचं मी बघतो."

किती समजुतीचं बोलणं. आणि त्यातला शब्द न् शब्द मला काट्यासारखा लागला. घर रिकामं झालं की ते कोण बघणार, परसात काय काय होणार, आणि मालक परत आले तर त्यांना स्वतःच्या मागच्या दारातून बाहेर पडायला भावाला विचारावं लागणार, हे सगळं मला दिसत होतं. आणि ते परत आलेच नाहीत तर? तर मी सांगलीतली परतून आलेली लेक होऊन बापाच्या दारात जन्म काढणार. मालक निघताना मला म्हणाले होते, घरात दिवा लागू दे. मी हो म्हणाले होते. दिवा लावायचा तर घरात माणूस नको का?

मी विटांचा चिखल पाटीत भरायला लागले. भरता भरता लेकीला म्हणाले, "आबांना सांग, आई कुठं जात न्हाई. सांग, ह्या भिंतीखाली मेली तरी जात न्हाई."

लेक 'बा' म्हणाली. दीर उठून गेले.

त्या भगदाडात आम्ही दगड रचले, वरून माती लिंपली आणि आतून घोंगडं लावलं. मग मी उरलेला वरंबा स्वतःच्या हातानं उपसून काढला आणि सासऱ्यांचा जुना चर शोधला. तो गवतानं बुजला होता, पण दगड जागच्या जागी होते. उपसला तसा गल्लीपर्यंत मोकळा झाला. साताऱ्यात पाण्याला वाट द्यायला लागते, एवढं मी शिकले होते, आणि शिकायला अर्धी भिंत गेली होती.

पण पागोळी परसात पडतच होती. चर परसाच्या कडेला, पागोळी सगळ्या परसभर. ती जमिनीला लागायच्या आत झेलायची तर पत्र्याच्या कडेखाली पन्हळ पाहिजे. पन्हळ असली की पाणीही भिंतीला लागत नाही आणि पागोळी माझ्या जमिनीला शिवत नाही. शिवली नाही तर हक्क कसला? हे सुचलं तेव्हा मी एकटीच हसले. पण पन्हळीला पत्रा कुठून आणू? रॉकेलचे रिकामे डबे घरात होते ते फोडले, शेजारणींकडून मागून आणले, तरी मोठा तुकडा कमी पडत होता.

घरात पत्रा होता. मालकांची जुनी ट्रंक. शेवटच्या रजेला आले तेव्हा ती घरी ठेवून नवी घेऊन गेले होते. काळी, जाड पत्र्याची, आणि तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. त्यात त्यांचे दोन सदरे आणि एक मफलर होता. मी ते काढून गाठोड्यात बांधले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन निघाले.

आत्याबाई दारात आडव्या आल्या.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या वर्षांत आमच्या भागात घराआड एक माणूस पलटणीत होता. माणूस कामी आला की त्याचं सामान तेवढं घरी यायचं. कुणाच्या दारात ट्रंक उतरताना दिसली की बायका आधी ऊर बडवायच्या आणि मग विचारायच्या. शिपायाची ट्रंक म्हणजे शिपायाचा जीवच. तो लढाईवर असताना ती कुणी हलवत नसे, तिच्यावर बसत नसे. आणि मी ती कापायला निघाले होते.

"जित्या मान्साची पेटी कापतीस?" आत्याबाई ओरडल्या. "माझ्या लेकाची? अगं, तुला काय म्हनू मी?"

मलाही तेच भय होतं; मी काही आभाळातून पडले नव्हते. पण मी म्हणाले, "आत्याबाई, पेटी गेली तर गेली. घर गेलं तर त्ये आल्यावर कुठं निजायचं त्यांनी? तुमच्या थोरल्याच्या गोठ्यात?"

त्या बाजूला झाल्या. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. भाकरी वाढायच्या, लेकीला न्हाऊ घालायच्या, पण माझ्याशी अक्षर नाही.

कंदील आणि डबे सांधणाऱ्याकडून मी ट्रंक कापून घेतली. त्यानंही दोनदा विचारलं, खरंच कापू का? मी म्हटलं, काप. झाकणाचा तुकडा मी पन्हळीच्या अगदी पुढच्या बाजूला लावून घेतला, नंबर आणि नाव बाहेर येईल असा. मुद्दाम लावला. कुणाला वाटेल चुकून राहिला, तर तसं नाही. गोठ्यात जाता-येता तो दिरांच्या डोळ्यांपुढं यावा, असंच मला हवं होतं.

पन्हळ शेवग्याच्या आणि बाभळीच्या दुबेळक्यांवर, म्हणजे दोन फाट्यांच्या मेढींवर टेकवली, चराच्या बाजूला थोडा उतार दिला. राहिला मधल्या भिंतीच्या बुडातून येणारा पाझर. तिथं मात्र मी सांगलीचीच रीत लावली. माती भिजवली, तुडवून लोणी केली आणि भिंतीच्या आमच्या अंगानं बुडाला अशी चोपून लिंपली की पेवाच्या तोंडालाही वडिलांनी तशी लिंपली नसेल. आता पाणी अडणार होतं ते माझ्या परसात नाही, दिरांच्या. मोरी त्यांनीच गाडली होती ना? मग बसा म्हटलं पाण्यात.

पुष्याचा म्हातारा पाऊस लागला. रिपरिप, पण हटायचं नाव नाही. पन्हळ भरून वाहायला लागली आणि पाणी तोंडातून चरात धो धो पडायला लागलं. परस कोरडं नव्हतं, पण भिंत कोरडी होती. पलीकडे गोठ्यात मात्र चिखल व्हायला लागला. म्हशी पाय आपटत होत्या ते ऐकू यायचं.

तिसऱ्या प्रहरी दीर पहार घेऊन आमच्या परसात आले. दुसऱ्याच्या परसात असं शिरणं हेही रीतीत बसत नव्हतं, पण राग आला की रीत पुरुषांना सुटते. त्यांनी पहिलं दुबेळकं पाडलं. पन्हळ एका बाजूनं कोसळायला लागली, तशी मी दारातून धावले आणि खालून दोन्ही हातांनी ती तोलून धरली. पाण्याचं वजन काय असतं ते त्या दिवशी कळलं. खांदे मोडायची वेळ आली, पाणी कोपरावरून काखेत, मानेवरून पाठीत उतरत होतं. पदर ओला होऊन डोक्यावरून घसरला आणि चिखलात पडला. हात मोकळे नव्हते, तो उचलणार कशी? आणि खरं सांगायचं तर हात मोकळे असते तरी मी तो उचलला नसता.

दीर दोन हातांच्या अंतरावर उभे. त्यांनी मान फिरवली, रीतीप्रमाणं. मी त्यांना हाक मारली.

"दादा, इकडं बघा."

पावसाच्या आवाजातही ते दचकलेले मला दिसले. त्यांनी बघितलं.

"पानी तुमचं हाय, त्ये मी वाहून न्हेतीया. जागा माझी हाय, ती मी देत न्हाई. मोडायची तर मोडा. पर आधी वर काय लिवलंय त्ये वाचा."

त्यांनी पहार उचललेली होती. नजर वर गेली आणि तिथंच राहिली. काळ्या पत्र्यावर पांढरा नंबर, खाली त्यांच्या धाकट्या भावाचं नाव, आणि त्याच्यावरून पाणी ओघळत होतं.

तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. मला वाटलं, आता पदर घेऊन माझ्या डोक्यावर घालतील आणि मला आत ओढतील. त्यांनी चिखलातला पदर उचलला, पिळला, माझ्या कमरेला खोचला, जसा शेतात काम करताना खोचतात तसा. मग थोरल्याकडे वळल्या.

"मोड की रं. थांबलास का? भाऊ तिकडं गोळ्या खातूय, तू हितं त्याचं नाव पाड पहारीनं. हान."

दिरांनी पहार खाली टेकवली. पडलेलं दुबेळकं उचललं, जागेवर रोवलं आणि पन्हळ त्यावर टेकेपर्यंत एका हातानं धरली. मग निघून गेले. आत्याबाई मला म्हणाल्या, "चल, चा टाकते." कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या आणि मी परसातच मोठमोठ्यानं रडायला लागले.

पुढचं सगळं मी जिंकले असं म्हणता येत नाही. लढाई संपली, पेठेत पेढे वाटले, शेजारपाजारचे शिपाई परत येऊ लागले, पण आमच्या मालकांचा पत्ता नव्हता. पत्रही नव्हतं. आता मीच पन्हळीकडे बघायचं टाळायची. रात्री डोळा लागत नसे. पेठेतल्या बायका माझ्या दारावरून जाताना आवाज खाली आणायच्या. जित्या मान्साची पेटी कापली हिनं, एवढं मला ऐकू यायचं. माझ्याही मनात तेच घोळत होतं. तरी मी ती पन्हळ उतरवली नाही. भीती वाटते म्हणून उतरवली असती तर ती कापली तरी कशाला, असं मी स्वतःलाच रागानं विचारायची. आत्याबाई मात्र रोज सकाळी न चुकता परसात जायच्या आणि पत्र्यावरच्या नावावरची धूळ पदरानं पुसायच्या.

मालक उन्हाळ्यात आले. वाळलेले, काळवंडलेले, पण हातीपायी धड. आईच्या पाया पडले, लेकीला उचललं. ती त्यांना बघून रडली. मग हातपाय धुवायला मागच्या दारातून परसात गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. मी बाहेर गेले तर वर बघत उभे.

"माझी ट्रंक?"

"तीच," मी म्हणाले. "रागवायचं असंल तर आत्ताच रागवा. मला भाकऱ्या करायच्या हाईत."

ते रागावले नाहीत. नंबरातला एक आकडा पुसट झाला होता, तो पाणी लावून चोळून बघत राहिले.

मृगाच्या तोंडावर दीर आमच्याकडे आले. गेल्या साली त्यांचे हाल झाले होते; गोठ्यात पावसाळाभर चिखल, एका म्हशीची खुरं कुजली होती. मोरी उघडल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं, आणि मोरी उघडायची तर पाणी माझ्या चरातून जाणार होतं. मालक त्यांना बघून लगबगीनं उठले, पाया पडले, बसायला घोंगडं टाकलं. दोघं भाऊ बोलत बसले. मी चुलीपुढं होते. मालकांचा स्वभाव मऊ, थोरल्या भावापुढं तर फारच. मी मनात म्हणत होते, आता हे सगळं देऊन टाकणार. पन्हळ काढतो दादा, म्हणणार. मी उलथनं हातात घट्ट धरून बसले होते.

दीर उठले, परसातून फिरून आले, मधल्या भिंतीपलीकडे गेले. टिकावाचे घाव ऐकू यायला लागले. मुरूम फुटत होता. मग दगड ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. भिंतीवरून त्यांचं डोकं दिसलं, घामानं निथळणारं.

"मोरी काढली," ते म्हणाले. "वरनं चार घागरी वतून बघतो. सोडू का पानी?"

मालक दारातूनच म्हणाले, "सोडा की दादा, त्यात इचारायचं काय?"

"तुला न्हाई इचारत," दीर म्हणाले. "तिला इचारतोय."

माझ्या तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली. दुसऱ्या बाजूनं नीट भाजली, निखाऱ्यावर फुगवली आणि टोपलीत ठेवली. मग उठून मागच्या दारात गेले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "सोडा."